शंभर टक्के निकाल, पण कितीपैकी?

वारकऱ्यांमध्ये सांगितली जाणारी एक गोष्ट हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला येऊन पूर्ण होते. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना मडकी तपासायला सांगितली. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे कुरकुरले. निकाल तिथल्या तिथं लागला: हे मडकं कच्चं. चारचौघांत नापास झालेल्या नामदेवांना मग औंढ्याच्या देवळात विसोबा खेचरांकडे जावं लागलं. पिंडीवर पाय टाकून पडलेल्या विसोबांनी त्यांना सांगितलं, देव जिथं नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. अशी जागा काही नामदेवांना सापडली नाही.

गोष्ट भक्तीची आहे, पण शाळेबद्दल बोलताना ती फार उपयोगी पडते. गोरोबांच्या परीक्षेचा हेतू साफ होता. कच्चं कोण आहे ते कळावं आणि त्याला शिकवणाऱ्याकडे पाठवावं. आपल्या हायस्कुलांची कीर्ती ज्या परीक्षेवर उभी राहते, त्या दहावीच्या परीक्षेचं नेमकं उलटं झालं आहे. कच्चं मडकं सापडलं की ते भाजायचं नाही, मोजणीतून बाजूला काढायचं. मग उरलेल्यांचा निकाल शंभर टक्के लागतो आणि बसस्टँडसमोर फ्लेक्स चढतो.

औंढ्यासारख्या तालुक्याच्या गावात शाळेचं नाव हा पारावरच्या गप्पांचा विषय नाही, तो घरखर्चाचा विषय आहे. पोरगं गावातल्या प्रशालेत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात घालायचं, पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेला पाठवायचं, की हिंगोलीला किंवा नांदेडला खोली करून ठेवायचं, हे शेतकरी बाप ठरवतो ते त्या नावावरून. नाव चुकीच्या आकड्यावर उभं असेल तर निर्णयही चुकतो. म्हणून हे नाव तयार कसं होतं आणि ते वाचायचं कसं, हे समजून घेतलेलं बरं.

प्रशाला आली कुठून

पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाच्या मराठवाड्यात एक गोष्ट नजरेत भरते. इथं जिल्हा परिषदेची हायस्कुलं आहेत. पुणे, सातारा, सांगलीकडे जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे प्राथमिक शाळा. माध्यमिक शिक्षण तिकडे संस्थांनी उभं केलं. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे खेडोपाडी संस्थांच्या शाळा झाल्या. पगार सरकारी अनुदानातून, कारभार संस्थेचा.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथं शाळा सरकारी आणि प्राथमिकच्या वर गेलं की भाषा उर्दू. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मिडल, फोकानिया म्हणजे हायस्कूल. जुन्या माणसांच्या बोलण्यात हे शब्द अजून सापडतात. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. तरीही औरंगाबादला १९१५ मध्ये सरस्वती भुवन उभं राहिलं. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तिथले मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते बनले. या शाळांचं नाव होतं ते शिक्षकांमुळे आणि तिथून बाहेर पडलेल्या कार्यकर्त्यांमुळे. टक्केवारीचा हिशेब तिथं कुणी विचारत नव्हतं.

अशा शाळा मोजक्याच. हिंगोलीच्या भागात जन्मलेल्या पोराला पुढं शिकायचं तर गाव सोडावं लागे. याच जिल्ह्यातल्या कडोळीचे नानाजी देशमुख शिक्षणासाठी राजस्थानात पिलानीपर्यंत गेले. घरची गरिबी असताना एवढ्या लांब जाऊन शिकणारा हजारात एखादाच, बाकीचे चौथीनंतर औताच्या मागे लागत.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि निजामाच्या काळापासून चालत आलेली सरकारी हायस्कुलं त्यांच्या पदरात पडली. ‘जिल्हा परिषद प्रशाला’ ही पाटी मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला दिसते त्याचं कारण हे. त्याच्या काही वर्षं आधी मुदलियार आयोगाच्या शिफारशीतून बहुउद्देशी शाळांची कल्पना आली होती. पुस्तकी विषयांच्या जोडीला शेती, तंत्र, वाणिज्य असं काही शिकवायचं, असा तिचा बेत. नांदेडच्या वजिराबादेतलं मल्टिपर्पज हायस्कूल आणि हिंगोलीची बहुविध प्रशाला ही नावं त्या विचाराची आहेत. कल्पना विरली, पाट्या राहिल्या.

साठ-सत्तरच्या दशकात या प्रशालांचा तालुक्यात दबदबा होता. त्यांना स्पर्धाच नव्हती हे त्याचं पहिलं कारण. तहसीलदाराचा मुलगा, मारवाड्याचा मुलगा आणि वस्तीवरच्या सालगड्याचा मुलगा एकाच बाकावर बसत. अधिकारी, व्यापारी, वकील यांची मुलं शाळेत असली की शाळेवर आपोआप लक्ष राहतं. गणिताच्या मास्तरांची बदली झाली तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी वजनदार माणूस शिक्षणाधिकाऱ्याच्या दारात उभा. ही देखरेख कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती, पण तिनं शाळा नीट चालवल्या.

गुणवत्ता यादीचे दिवस

महाराष्ट्राचं माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ पासून कामाला लागलं. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आल्यावर १९७५ पासून शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीला होऊ लागली. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, पण बोर्डाच्या हिशेबात तो औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर विभागातच राहिला. लातूर विभागात लातूर, धाराशिव आणि नांदेड येतात.

त्या काळात निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात गुणवत्ता यादी छापून येई. यादीत आलेल्या मुलाला पेढा भरवणारे आईवडील आणि शेजारी मुख्याध्यापक, हा फोटो वर्षानुवर्षं एकच राहिला, माणसं बदलत गेली. शाळेचं नाव म्हणजे ‘आमचे बोर्डात किती आले’. हजार पोरांच्या शाळेतून दोन पोरं यादीत आली की शाळा नामांकित. उरलेल्या नऊशे अठ्ठ्याण्णव पोरांचं काय झालं, हे कुणी विचारत नसे.

यादीचं राजकारण मराठवाड्यानं फार लवकर ओळखलं. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयानं आणि त्या शहरातल्या शाळांनी अभ्यासाची एक शिस्त बसवली, तिला ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव परीक्षांचा सपाटा लावायचा, प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातात द्यायची, कुठं अर्धा गुण गेला ते दाखवायचं, आणि तोच पेपर पुन्हा लिहून घ्यायचा. मागासलेला म्हणून हिणवल्या गेलेल्या भागातली मुलं पुण्या-मुंबईच्या मुलांना मागे टाकू लागली, त्याचा अभिमान मराठवाड्याला वाटला आणि तो खरा होता. सरावानं, चूक दाखवून दिल्यानं मूल पुढं जातं, हा त्यातला धडाही खरा होता.

त्या पॅटर्नची दुसरी बाजू औंढ्याला दिसली. लातूरला आणि नंतर नांदेडला गेलेली मुलं ही त्या-त्या गावातली निवडक मुलं. गावच्या शाळेत वर्गाला पुढं ओढणारी चार-पाच पोरं असतात. ती गेली की शिक्षकाचा हुरूप जातो, मागच्या बाकावरच्या मुलाला विचारायला कुणी उरत नाही, आणि निकाल घसरतो. मग लोक म्हणतात, प्रशालेत काही राम राहिला नाही.

हाच प्रकार नवोदयनं वेगळ्या तऱ्हेनं केला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयं आली. पहिली दोन प्रायोगिक विद्यालयं हरियाणात झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला निघाली. हिंगोली जिल्ह्याचं नवोदय वसमतला आहे. सहावीला प्रवेश परीक्षेतून ऐंशी मुलं घेतली जातात, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. गरीब घरातल्या हुशार मुलासाठी याहून चांगली सोय नाही. पण नवोदयचा निकाल आणि प्रशालेचा निकाल एका ओळीत लिहिणं म्हणजे निवडून घेतलेलं बियाणं आणि खळ्यावर झाडून आणलेलं धान्य एकाच मापानं मोजणं. नवोदय परीक्षा घेऊन मुलं घेतं. प्रशालेला दारात आलेल्या कुणालाच नाही म्हणता येत नाही.

दोन हजारनंतरच्या दशकात मंडळानं गुणवत्ता यादी बंद केली. पेढ्याचा फोटो गेला आणि त्याच्या जागी शाळेच्या निकालाची टक्केवारी आली. यादी फक्त वरची दोन पोरं बघत होती, टक्केवारी निदान सगळ्यांना मोजेल, अशी अपेक्षा होती.

आकडा कसा फुगतो

आधी राज्याचा आकडा पाहू. दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये थेट ९५.३० टक्के. तीन वर्षांत महाराष्ट्रातली पोरं आधी एकाएकी मठ्ठ झाली आणि मग एकाएकी हुशार झाली, असं थोडंच आहे? २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांसारख्या विषयांत शाळेकडून मिळणारे तोंडी परीक्षेचे वीस गुण बंद केले होते. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, निकाल वर गेला. त्यातच करोनामुळे २०२० ला भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीनं दिले गेले. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण आणि शाळेचं अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लावला, तो ९९.९५ टक्के लागला. त्याआधी २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं होतंच. सहा विषयांतले सर्वांत चांगले पाच धरून टक्केवारी काढायची. म्हणजे आजोबांचे ६५ टक्के, बापाचे ७५ आणि नातवाचे ९० हे तीन वेगवेगळ्या तराजूंवरचे आकडे आहेत.

आता शाळेच्या पातळीवर येऊ. इथं तीन वाटा आहेत आणि शाळेच्या आसपास वावरणाऱ्या प्रत्येकाला त्या ठाऊक आहेत.

पहिली वाट कॉपीची. परीक्षा केंद्राच्या खिडकीखाली जमलेली गर्दी मराठवाड्यानं खूप वर्षं पाहिली. नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी २०१० च्या सुमारास कॉपीमुक्तीची मोहीम चालवली, ती पुढे राज्यभर नेली गेली. कॉपी थांबल्यावर निकाल खाली येतात, आणि ज्या शाळेचा निकाल सर्वांत जास्त खाली येतो तिथं पूर्वी काय चालत होतं ते न सांगता कळतं. निकाल पडला म्हणून शाळा बिघडली, असं त्या वर्षी म्हणणं चूक ठरलं असतं. त्या वर्षीचा पडलेला आकडाच खरा होता.

दुसरी वाट नववीची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पुढं बरीच वर्षं आठवीपर्यंत मुलाला नापास करणं थांबलं होतं. त्यामुळे वाचनात, भागाकारात कच्चं राहिलेलं मूलही ढकलत ढकलत नववीत येऊ लागलं. दहावीच्या निकालाची धास्ती असलेली शाळा तिथं चाळणी लावते. मुलाला नववीत बसवलं जातं किंवा ‘दाखला घेऊन जा, पास करतो’ असा तोडगा निघतो.

तिसरी वाट सतरा नंबरच्या फॉर्मची. शाळेत नियमित न शिकता बाहेरून परीक्षा द्यायची तर सतरा नंबरचा अर्ज भरतात. काम करून शिकणाऱ्यांसाठी, शाळा सुटलेल्या मुलींसाठी ही सोय आहे आणि ती फार मोलाची आहे. पण नियमित परीक्षार्थींचा निकाल वेगळा काढला जातो आणि खाजगी परीक्षार्थी त्यात येत नाहीत. साहजिकच, जे मूल नापास होईल असं वाटतं त्याला सतरा नंबर भरायला सुचवण्याचा मोह शाळेला होतो. मूल तेच, गाव तेच, पण शाळेच्या हिशेबातून वजा.

या वाटांनी काय होतं ते समजायला दोन काल्पनिक शाळा घेऊ. दोन्ही शाळांत आठवीला साठ-साठ मुलं आहेत. पहिल्या शाळेनं नववीत चाळणी लावली, काहींना दाखले दिले, काहींना सतरा नंबर भरायला लावला. दहावीला चाळीस बसली, चाळीसच्या चाळीस पास. निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेनं कुणाला काढलं नाही. तीन मुलं गाव सोडून गेली, सत्तावन्न बसली, एक्कावन्न पास झाली. निकाल ८९ टक्के. फ्लेक्स पहिल्या शाळेचा लागतो. आता आठवीच्या साठ मुलांपासून मोजा. पहिल्या शाळेनं साठातली चाळीस मुलं दहावी पार करवली, म्हणजे ६७ टक्के. दुसरीनं साठातली एक्कावन्न, म्हणजे ८५ टक्के. भागाकार तोच, फक्त खालची संख्या बदलली, आणि चांगली-वाईट शाळा यांची अदलाबदल झाली.

पट घसरला की काय होतं

चुकीच्या नावाचा फटका नुसत्या अब्रूला बसत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं पटावर ठरतात. दरवर्षीच्या संचमान्यतेत किती मुलांमागे किती पदं ते निघतं. नाव घसरलं की पट घसरतो. पट घसरला की एक पद जातं आणि तो शिक्षक अतिरिक्त ठरून समायोजनात दुसरीकडे जातो. जाणारं पद अनेकदा विज्ञानाचं किंवा इंग्रजीचं असतं. मग भूगोलाच्या सरांकडे विज्ञान, मराठीच्या बाईंकडे इंग्रजी. पुढच्या वर्षी पालक म्हणतो, तिथं विज्ञानाला माणूसच नाही, आणि त्याचं म्हणणं खरं असतं. पट आणखी घसरतो. जिल्हा परिषदेचं एखादं हायस्कूल असं पाच-सात वर्षांत खचतं आणि त्यात कुणा एकाचा दोष दाखवता येत नाही.

यात शेतीचा हंगाम धरा. हिंगोली जिल्हा हळदीचा आहे, वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हळदीची काढणी आणि शिजवणी फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात असते, म्हणजे नेमकी दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर गाव सोडतात. फेब्रुवारीचा हजेरीपट उघडून पाहिला की कोणाच्या घरी किती एकर हळद आहे याचा अंदाज येतो. पिवळ्या बसच्या शाळेतल्या मुलाच्या घरीही हळद असते, पण तिथं मजूर लावायला पैसे असतात. प्रशालेतल्या मुलाच्या घरी मजूर म्हणजे तो स्वतः.

शाळेच्या निकालात घराचा वाटा किती, हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञानं सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची माहिती घेऊन १९६६ मध्ये अहवाल दिला. शाळेची इमारत आणि खर्च यांच्यापेक्षा मुलाच्या घरची स्थिती त्याच्या गुणांशी जास्त जुळते, असं त्यात निघालं. तिकडच्या उपनगरांतल्या सरकारी हायस्कुलांचं नाव मोठं असतं. त्यांचा बराचसा खर्च तिथल्या घरपट्टीवर चालतो. घरं महाग म्हणून शाळेकडे पैसा, शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. अशा शाळेच्या कीर्तीत शिक्षकांचं श्रेय किती आणि वस्तीच्या श्रीमंतीचं किती, हे वेगळं काढणं अवघड होऊन बसतं.

इंग्लंडनं १९९२ पासून शाळांच्या निकालांच्या याद्या छापायला सुरुवात केली. लवकरच लक्षात आलं की या याद्यांत श्रीमंत वस्तीतल्या शाळा वर आणि गरीब वस्तीतल्या खाली, एवढंच दिसतं. पुढं त्यांनी हिशेब बदलत नेला. २०१६ पासून मूल अकराव्या वर्षी कुठं होतं आणि सोळाव्या वर्षी कुठं पोचलं, त्याच्यासारख्या इतर मुलांच्या तुलनेत ते किती पुढं गेलं, असं मोजायला लागले. त्या मापातही दोष निघाले, पण दिशा बरोबर होती. शाळेचं काम म्हणजे तिनं घातलेली भर.

आपल्याकडे असं माप शाळावार छापलं जात नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये झालं, २०२४ च्या डिसेंबरात ‘परख’चं सर्वेक्षण झालं. ‘प्रथम’चा असर अहवाल २००५ पासून खेड्यातल्या मुलांचं वाचन-गणित तपासतो. ही सगळी जिल्ह्याची आणि राज्याची चित्रं आहेत. औंढ्यातल्या बापाला हवं असतं ते एका शाळेचं.

कौतुकाचा प्रकाशझोतही हायस्कुलांपर्यंत पोचत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांचं नाव अलीकडे गाजलं ते प्राथमिकमुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेत प्रवेशासाठी रांगा लागल्या. वाडीवरची लहान शाळा एक जिद्दी शिक्षक आणि चार धडपडे गावकरी मिळून बदलू शकतात. हायस्कुलात विषयवार शिक्षक लागतात, प्रयोगशाळा लागते, बोर्डाची परीक्षा समोर असते. एकट्यादुकट्यानं ते होत नाही.

मग शाळा जोखायची कशी

जी माहिती लागते ती बहुतेक उघडच पडलेली असते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक आहे आणि त्यावरून शाळेचं वर्गवार पटाचं, शिक्षकांचं पत्रक केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर बघता येतं. तीन वर्षांपूर्वी सातवीत किती होती आणि यंदा दहावीत किती आहेत, हे दोन आकडे शेजारी ठेवले की शाळा मुलं सांभाळते की सांडते ते दिसतं. मुली वेगळ्या मोजाव्यात. आठवी-नववीत मुलींचा आकडा एकदम खाली येत असेल तर बसची वेळ, स्वच्छतागृह आणि लवकर होणारी लग्नं यांची चौकशी करावी.

दुसरी खूण शिष्यवृत्तीची. आठवीतल्या मुलांसाठी केंद्राची एनएमएमएस परीक्षा असते. ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना देता येते, पालकाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, आणि निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. पेपर बुद्धिमत्ता चाचणीचा आणि शालेय विषयांचा. इथं तोंडी परीक्षेचे वीस गुण नाहीत आणि शाळेच्या हातात काही नाही. प्रशालेतून दरवर्षी चार-सहा मुलं त्यात लागत असतील तर आठवीच्या वर्गात कुणीतरी मन लावून शिकवत आहे, हे समजावं. किती लागली याइतकंच किती बसवली, हेही विचारावं. निवडक पाच बसवून पाच लागली, यापेक्षा पन्नास बसवून सहा लागली, यात शाळेचं काम जास्त आहे.

तिसरी खूण विषय शिक्षकांची. गणित, विज्ञान, इंग्रजी यांना त्या-त्या विषयाची पदवी असलेला माणूस आहे का, आणि तो जूनपासून आहे की दिवाळीनंतर आला? चौथी खूण प्रयोगशाळेची. कपाटाला कुलूप असेल तर आतल्या काचेच्या भांड्यांवरची धूळ पाहून काय ते कळतं. मुलाला विचारावं, या वर्षी तू स्वतःच्या हातानं कोणता प्रयोग केलास?

औंढ्यापुरता हा शेवटचा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. गावाजवळच्या दुधाळा शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या आणि त्यांतून धावणारा लेसर किरण. गुरुत्वीय लहर येऊन गेली की भुजांच्या लांबीत प्रोटॉनहूनही कितीतरी पटींनी बारीक फरक पडतो, तो हे यंत्र टिपतं. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली. भारतातल्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ११ मे ला पायाभरणी झाली.

एवढी मोठी वेधशाळा चालवायला शास्त्रज्ञांच्या जोडीला तंत्रज्ञ लागतात, इलेक्ट्रॉनिक्सची माणसं लागतात, निर्वात पंप आणि संगणक सांभाळणारे हात लागतात. आज सातवी-आठवीत असलेली औंढ्याची पोरं त्या वयात येतील तेव्हा वेधशाळा सुरू व्हायच्या बेतात असेल. फाटकाच्या आत त्यांना कोणतं काम मिळेल, ते त्यांच्या दहावीच्या टक्क्यांवर फारसं ठरणार नाही. व्होल्टमीटर जोडता येतो का, आलेख काढता आणि वाचता येतो का, चुकलेलं मापन ओळखता येतं का, यावर ठरेल. या गोष्टी प्रशालेच्या प्रयोगशाळेत सहज शिकवता येतात, फक्त तिथं विज्ञानाचा शिक्षक आणि आठवड्याचे दोन तास हवेत.

ते मागण्याची जागाही कायद्यानं दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. बऱ्याच गावांत ही समिती सह्यांपुरती उरते, कारण बैठकीत विचारायचं काय हेच पालकांना ठाऊक नसतं. विज्ञानाचं पद रिकामं आहे का, त्याचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्याकडे कधी गेला, आठवीतून दहावीपर्यंत किती मुलं गळाली आणि ती आता कुठं आहेत, यंदा कुणाला सतरा नंबर भरायला लावला आणि का, एवढे चार प्रश्न ठरावाच्या वहीत लिहून घेतले तरी मुख्याध्यापकाच्या हातात वरच्या कचेरीत भांडायला कागद येतो. तहसीलदाराच्या मुलाबरोबर प्रशालेतून जी देखरेख निघून गेली, ती परत आणायचा दुसरा रस्ता नाही.